मांजरालाही कामं असतात

आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर एक सोनेरी मांजर बसलेलं असतं. प्लास्टिकचं, वीतभर उंचीचं. डावा पंजा वर करून दिवसभर हलवत राहतं. खाली छोटी सौरपट्टी आहे, त्यामुळे सेल लागत नाहीत, ट्यूबलाइटच्या उजेडावरही चालतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी जाताना मी ते पुण्यात घेतलं होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा म्हणाला होता, "घ्या मॅडम, लकी असतं."

बाबा सकाळी शटर उघडतात, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती ओवाळतात, मग गणपतीला, मग वजनकाट्याला, आणि शेवटी हात तसाच वळवून मांजरालाही. गेल्या दसऱ्याला त्यांनी त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू अजून कानाजवळ चिकटून आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो शेठ?" बाबा सांगतात, "जपानचं हाय. पैसा बोलावतंय."

हे सांगणारा माणूस मांजर आडवं गेलं की मोटारसायकल बंद करून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. याच माणसाने २०१६ साली एक जिवंत मांजर पोत्यात घालून कयाधू नदीच्या पलीकडे नेऊन सोडलं होतं. हे त्या मांजराबद्दल आहे, आणि त्याला भाकर कुस्करून घालणाऱ्या माझ्या आत्याबद्दल. मध्ये जपान येईल, थायलंड येईल. पण फिरून आपण हिंगोली जिल्ह्यातच येऊ.

*

आमचं गाव हिंगोलीहून नर्सीकडे जाताना लागतं. नर्सी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव. कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आमच्याकडे पोरांना शाळेआधीच माहीत होतात. कुत्र्याच्या वाट्याला असा संत आला. मांजराच्या वाट्याला पंढरपूरचे राका कुंभार आले. कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्लं घातलेली, ते न कळता आवा पेटवला गेला, कळल्यावर त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि आव्यातून पिल्लं जिवंत निघाली, अशी ती कथा. आत्या ती इतक्यांदा सांगायची की शेवट सगळ्यांना पाठ होता. तरी पिल्लं निघायच्या जागी दर वेळी तिचा आवाज हलायचा.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं आणि वर्षाच्या आत परत पाठवलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच. मागची खोली तिची. शेतात, गोठ्यात, दुकानातल्या डाळी निवडण्यात ती सगळीकडे असायची. फक्त कुणी चांगल्या कामाला निघालं की नसायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही, तीच आत जायची. लहानपणी मला वाटायचं, नेमक्या त्याच वेळी हिला आत काहीतरी काम निघतं.

आमचा भाग हळदीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. त्या दिवसांत आत्याचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. साबणाने ते जायचं नाही. आणि त्याच महिन्यांत लग्नं. नवरीला हळद लावायला गल्लीतल्या सगळ्या बायका जायच्या. आत्या जायची नाही.

कबरी आली ती पावसाळ्यात, कुणाची कोण ते माहीत नाही. पांढरी, काळी आणि तांबडी असे तीन रंग अंगावर, आणि चारही पाय पांढरे. माय म्हणाली, "एवढी मोठी झाली तरी पाय धुवायला कुनी शिकवलं नाई वाटतं, चुना लावल्यावानी दिसायलेत." आत्या हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पांढऱ्या पायाच्या आता दोघी झालो घरात." माय गप्प झाली. कबरी राहिली.

*

कबरी गाभण आहे हे कळल्यावर घरात तिची किंमत एकदम वाढली. याचं कारण वार.

मांजर व्यायल्यावर तिची वार मिळाली आणि ती हळदीत घालून तिजोरीत ठेवली तर घरात पैसा टिकतो, असं आमच्याकडे मानतात. आमच्याकडेच नाही, हिंदी पट्ट्यातही मानतात. तिथे तिला जेर म्हणतात आणि आता ती ऑनलाइनही विकायला असते. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जेवणात, औषधात, देवाला ती चालते, आणि मांजराची वार मुरवायलाही तीच.

अडचण एकच. मांजर वार ठेवत नाही, खाऊन टाकते. व्यायल्यानंतर पिल्लांजवळ वास राहू नये, दुसरं जनावर तिथे येऊ नये, आणि थकलेल्या शरीराला काहीतरी मिळावं म्हणून खाते. त्यामुळे वार मिळवायची तर जागं राहावं लागतं. बाबा दोन रात्री गोठ्यात बॅटरी घेऊन बसले. गावात सोयाबीनच्या पैशांना कुणी जागलं नव्हतं इतके जागले. तिसऱ्या रात्री पहाटे त्यांचा डोळा लागला आणि कबरीने कडब्याच्या गंजीमागे चार पिल्लं घातली. सकाळी वार नव्हती. कबरी जीभ फिरवत बसली होती.

बाबा चिडले नाहीत. "पुढच्या येळी," म्हणाले, आणि आत्याला सांगून तिला वाटीभर दूध घातलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं यानंतर तीन आठवड्यांच्या आत झालं.

*

मार्च २०१६. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. शेतात काही उरलं नव्हतं आणि दुकानाच्या उधारीच्या वह्या भरल्या होत्या. भैया, माझा मोठा भाऊ, एका सरकारी भरतीच्या लेखी परीक्षेला बसणार होता. केंद्र परभणीला. घराचं सगळं त्या एका पेपरावर आलंय असं कुणी बोलत नव्हतं, पण चहासुद्धा त्या आठवड्यात हळू आवाजात होत होता.

सकाळी साडेसहाची बस होती. भैया दही-साखर खाऊन उंबऱ्याबाहेर पडला. आत्या नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत होती. आणि कबरी गोठ्यातून निघाली, तोंडात एक पिल्लू धरून, अंगणातून आडवी समोरच्या पडक्या वाड्यात गेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. तिचं दुसरं की तिसरं घर चाललं होतं.

"थांब," बाबा म्हणाले. "पाच मिन्टं बस. पानी पी अन् मंग निघ."

भैया बसला. पाणी प्यायला. तेवढ्यात कबरी परत आली आणि दुसरं पिल्लू घेऊन पुन्हा आडवी गेली. बाबांनी पुन्हा पाच मिनिटं धरली. अशी चार पिल्लं. बस गेली ते आम्हाला अंगणातून ऐकू आलं. पुढची जीप मिळायला पाऊण तास गेला. परभणीला भैया पोचला तेव्हा केंद्राचं फाटक लागलेलं होतं.

तो संध्याकाळी परत आला तेव्हा कुणी त्याला काही बोललं नाही. बाबा आत्याला बोलले. "आक्का, तुला हजारदा सांगितलं व्हतं, दारात मांजर नको म्हनून." आत्या म्हणाली, "तिला काय म्हाईत रं बापू, कोन कुठं चाललंय. ती आपली लेकरं हलवायली व्हती." बाबा म्हणाले, "तुजा बी पायगुन तसलाच." मी घरात पहिल्यांदा हे शब्द ऐकले. माझ्याआधी ते किती वेळा म्हटले गेले असतील, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कबरी पोत्यात घातली गेली. जनावराला उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार नंतर कळलं. मला तेव्हा फक्त पोत्याचा आकार दिसत होता. मोटारसायकलच्या टाकीवर ते आडवं ठेवलं होतं आणि आतून एका जागी फुगत होतं. बाबांनी मारलं नाही, कारण मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं. सोडून दिलं तर काही लागत नाही.

त्या रात्री मी अंथरुणात हे जुळवत पडले होते. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलो. थांबलो म्हणून बस गेली. बस गेली म्हणून पेपर गेला. पेपर गेला म्हणून मांजर अपशकुनी ठरलं. नववीच्या पोरीलाही यातलं कुठलं पाऊल चुकीचं आहे ते दिसत होतं. पण बोलायची छाती नव्हती.

आत्या काही बोलली नाही. पडक्या वाड्यातून तिने पिल्लं शोधून आणली आणि कापसाची वात दुधात बुडवून पाजत राहिली. तीन मेली. एक जगली. तीही तीनरंगी. पण कबरी परत आली नाही. आत्या संध्याकाळी तिची वाटी भरून गोठ्याच्या दाराशी ठेवायची. पुढचा पाऊस येईपर्यंत ठेवत होती.

*

अकरावी-बारावीला मी हिंगोलीत राहिले. हिंगोलीत रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा अशी मोहल्ल्यांची नावं आहेत. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, ही तिची आठवण. मी ज्या घरात खोली घेतली तिथली मालकीण, खाला, साठीची होती. तिच्याकडे दोन मांजरं होती आणि ती कुठेही बसायची. स्वयंपाकघरात, कपड्यांच्या गठ्ठ्यावर, एकदा तर नमाजाच्या चटईवर. खाला त्यांना उठवायची नाही, बाजूला सरकून जागा करून घ्यायची.

इस्लाममध्ये मांजर नापाक मानत नाहीत, हे मला तिथे कळलं. पैगंबरांच्या ज्या साथीदाराने सर्वांत जास्त हदीस सांगितल्या त्याला लोक अबू हुरैरा म्हणायचे, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. आणि मांजराला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईला नरक मिळाला, अशीही एक हदीस आहे. खालाने ती सांगितली तेव्हा मी आमच्या घरच्या पोत्याबद्दल तिला काही बोलले नाही.

बारावीच्या पहिल्या पेपराला निघाले तर तिचंच मांजर जिन्यात आडवं गेलं. मी सवयीने थांबले. खाला वरून बघत होती. म्हणाली, "अगे, खडी काय कू? जाने दे ना उसकू. उसकू बी काम रैता."

मी आत्याचं वाक्य आठवून हसत सुटले. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. मी गेले. पेपर बरा गेला. तो मांजरामुळे बरा गेला असं मी म्हणणार नाही, नाहीतर मीही त्याच साखळीत अडकले असते.

त्या जुन्या छावणीत इंग्रज अधिकारी असायचे. ब्रिटनमध्ये काळं मांजर आडवं जाणं चांगलं मानतात. स्कॉटलंडमध्ये तर अनोळखी काळं मांजर दाराशी येऊन बसलं तर घरात बरकत येते, असा समज आहे. म्हणून मी कधी कधी कल्पना करते. दीडशे वर्षांपूर्वी हिंगोलीच्या एका रस्त्यावर एक काळं मांजर आडवं गेलं असेल. घोड्यावरचा साहेब खूश झाला असेल. मोहल्ल्यातला शिपाई तसाच पुढे गेला असेल. आणि भाजी घेऊन बाजाराला निघालेली आमच्या गावची बाई टोपली खाली ठेवून पाच मिनिटं थांबली असेल. मांजर एकच. ते उंदरामागे गेलेलं.

*

पुण्यात नोकरी लागल्यावर मी आणि भैया एका खोलीत राहायला लागलो. तो तोवर चाकणला एका कंपनीत सुपरवायझर झाला होता. दिवाळीच्या आधी मी ते सोनेरी मांजर आणलं, टेबलावर ठेवलं, आणि रात्री त्याच्याबद्दल मोबाइलवर वाचत बसले.

त्याचं नाव मानेकी-नेको, म्हणजे बोलावणारं मांजर. आपल्याकडे मिळणारी बहुतेक चीनमध्ये बनतात, पण चाल जपानची. डावा पंजा गिऱ्हाईक बोलावतो, उजवा पैसा. ते टाटा करतंय असं खूप जणांना वाटतं. पण आपण कुणाला 'ये' म्हणताना तळवा खाली करून बोटं आत ओढतो ना, जपानी लोकही तसंच करतात. अमेरिकेत तळवा वर करून बोलावतात, म्हणून तिकडच्यांसाठी पंजा उलटा फिरवलेली मांजरंही निघाली. आपल्याला ती भानगड नाही. आपल्या खुणेत ते सरळ 'ये' म्हणतंय.

तोक्योत गोतोकुजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. आख्यायिका अशी, की सतराव्या शतकात हिकोनेचा सरदार ई नाओताका तिथून चालला होता. मंदिराच्या दारातल्या मांजराने पंजा वर करून त्याला बोलावलं. तो आत आला आणि लगेच वादळ सुटून विजा कोसळायला लागल्या. मांजरामुळे वाचलो म्हणून त्याने त्या पडक्या मंदिराला आश्रय दिला. आज तिथे भाविकांनी ठेवलेली पांढरी मांजरं हजारोंनी रांगेत बसलेली आहेत. मला त्या गोष्टीतली एक जागा सोडवेना. चाललेला माणूस मांजर पाहून थांबला. थांबला म्हणून वाचला. आमच्याकडे थांबला म्हणून बुडाला. थांबणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आणि मग हे दिसलं. मातीचं पारंपरिक मानेकी-नेको पुष्कळदा तीनरंगी असतं. पांढरं, काळं, तांबडं. जपानमध्ये तीनरंगी मांजर सगळ्यांत भाग्याचं. खलाशी ते जहाजावर न्यायचे. त्यातही बोका मिळाला तर सोनंच. कारण तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबड्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. अंगावर तांबडा आणि काळा दोन्ही यायला सहसा दोन एक्स लागतात आणि ते मादीकडे असतात. नर तीनरंगी निघतो तो एखादं गुणसूत्र जास्त आल्यामुळे, फार क्वचित. हा जनुक नेमका कोणता, ते जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. १९५६ साली जपानची पहिली तुकडी अंटार्क्टिकाला निघाली तेव्हा बोटीवर एक तीनरंगी बोका होता, शुभ म्हणून घेतलेला. मोहिमेच्या प्रमुखाच्या नावावरून त्याचं नाव ताकेशी ठेवलं होतं. तो बर्फात राहून जपानला परत आला.

एक तीनरंगी मांजर दक्षिण ध्रुवाकडे शकुन म्हणून जाऊन परत आलं. एक आमच्या गोठ्यातून कयाधूपार गेलं आणि आलं नाही.

थायलंडचं वाचलं तेव्हा तर मला आमचं २०१५ चं वर्षच आठवलं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या पोरांनी धोंडी काढली होती. एका पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, काठीला बेडूक बांधायचा, आणि दारोदार फिरायचं. बायका दारातून पाणी ओतायच्या. थायलंडमधले भातशेतकरी पाऊस ओढ देतो तेव्हा मांजरीला पिंजऱ्यात बसवून मिरवतात, आणि दारोदार बायका तिच्यावर पाणी टाकतात. मांजराला पाणी आवडत नाही, ते ओरडतं, त्या ओरडण्याने पाऊस येतो असं मानतात. अलीकडे काही गावांनी जनावराचे हाल नकोत म्हणून पिंजऱ्यात डोरेमॉनची बाहुली बसवायला सुरुवात केली. डोरेमॉनही मांजरच की, रोबो असला म्हणून काय झालं.

मी हे भैयाला वाचून दाखवत होते. म्हटलं, "बघ, त्यांनी खरं मांजर वाचवायला खोटं आणलं. आपण खरं हाकलून दिलं आणि आता खोटं घरी न्यायलोय."

भैया हसला नाही. बराच वेळ त्या हलणाऱ्या पंजाकडे बघत होता. मग म्हणाला, "माझा अभ्यासच नव्हता झाला."

"कशाचा?"

"त्या पेपरचा. दोन महिने पुस्तक उघडून नुसता बसायचो. फाटक लागलेलं दिसलं तेव्हा मला सुटल्यावानी झालं. घरी येऊन सांगायला कारण तयार होतं. मांजर."

मी काहीच बोलले नाही.

"जीप मला आधी मिळाली असती," तो म्हणाला. "एक गेली तशीच. मी हात नाही केला."

*

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे आपल्याकडे घरोघर मानतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई म्हणजे षष्ठी देवी. बंगालमध्ये तिची मोठी व्रतं आहेत आणि तिथे तिचं वाहन मांजर आहे. तिथली एक कथा अशी. एका घरातली धाकटी सून चोरून खायची आणि नाव मांजरावर घालायची. मांजर देवीचं. ते रागावलं आणि सुनेची मुलं झाली की एकेक उचलून देवीकडे नेऊन ठेवू लागलं. शेवटी सुनेने मांजराची माफी मागितली तेव्हा मुलं परत मिळाली.

म्हणजे नशीब लिहिणारीच मांजरावर बसून येते. आणि त्या कथेतला दोष मांजराला शिवण्याचा नाही, आपलं केलेलं त्याच्या नावावर घालण्याचा आहे.

ही कथा मला भैयाने सांगितल्यानंतर सापडली असती तर मी ती त्याला वाचून दाखवली नसती. पण ती मी आधीच वाचून दाखवली होती, त्याच रात्री, डोरेमॉनच्या आधी.

मला तोवर वाटत होतं की आमच्या घरातला प्रश्न अंधश्रद्धेचा आहे. बाबांना समजावलं की झालं. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो. पूर्वी बैलगाड्या असायच्या, रात्री मांजराचे डोळे चमकले की बैल बुजायचे, म्हणून थांबायची पद्धत पडली, यामागे विज्ञान आहे वगैरे. बाबांनीच तो मला पाठवला होता. त्यावर मी त्यांच्याशी दोन वर्षं भांडले. पण आता कळलं की थांबणारा एकटा बाबाच नव्हता. थांबण्याचा फायदा घेणारा एक होता. सगळं दिसूनही गप्प बसणारी मी होते. आणि मोजणारे दोघे होते. एकाला बोलता येत नव्हतं. दुसरीला येत होतं, पण तिचं कुणी ऐकणार नव्हतं. शकुन-अपशकुन ठरतात ते असे. ज्याच्यावर टाकलं तर घरात कुणाला काही द्यावं लागत नाही, तो अपशकुनी.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, हे आमच्या गावात होणार नाही, असा. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी ती बातमी तेव्हा आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती ऐकून म्हणाली, "चांगलं केलं. पन ठरावात आसं लिवलंय का, कुनी निघालं की आपून आत जाऊ नये म्हनून?" तसं लिहिलेलं नव्हतं.

*

त्या दिवाळीत भैयाने बाबांना सांगितलं. दुकानात, रात्री हिशोब लावताना. मी डबे पुसत होते. गल्ल्यावर नवंकोरं मांजर हात हलवत होतं. भैयाने सगळं सांगितलं, जीपचंही. बाबांनी वहीतून मान वर केली नाही. एक बेरीज तीन वेळा केली. मग म्हणाले, "आक्काला सांगितलास?"

"नाही."

"मला काहून सांगायलास मंग?"

भैया मागच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटवर मांजराचे केस होते. कबरीची जगलेली पोरगी आता म्हातारी झालीय, आत्याच्या खाटेवरच असते.

मी दोन दिवसांनी पुण्याला निघाले. बॅगा बाहेर ठेवल्या. मायने दही-साखरेची वाटी आणली आणि मला देण्याऐवजी मागे वळून आत्याच्या हातात दिली. "वन्सं, मपले हात पिठाचे हायेत," म्हणाली. तिचे हात कोरडे होते. आत्याने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा रस्त्याकडे बघत होते. आत्याने माझ्या तळहातावर दही ठेवलं. बोटांच्या पेरांत हळदीचा पिवळा रंग तसाच होता.

मी म्हटलं, "येते, आत्या."

आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत. ती दारात उभी राहिली, उंबऱ्याच्या पुढे. मोटारसायकल वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तिचा हात वर होता, तळवा खाली, बोटं हलत होती. निरोप द्यायची सवय नव्हती तिला. ती मला परत बोलावत असल्यासारखंच दिसत होतं.

बाबा बदलले का? मैत्रिणी विचारतात. त्या दिवशी फाट्याच्या अलीकडे एक बोका आडवा गेला. बाबांनी गाडी बंद केली आणि कडेला घेतली. मी काही बोलले नाही. पाच मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडी चालू केली आणि म्हणाले, "बस सुटत नसती. आपून अर्धा घंटा आधी निघालोय."

आता ते नेहमीच अर्धा तास आधी निघतात. मांजराचा वेळ धरून.